मोजणीदार

अठ्ठावीस वर्षं खानापूर तालुक्यात जमिनी मोजल्या.
साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या.
तिकडं सातबारा, इकडं उतारा,
कागद कुठलाही असो, भांडण तेच:
"साहेब, टीचभर सरकलाय बघा दगड."

आता बेळगावात मला मोजतात.
छातीवर तीन ठिपके गोंदलेत, तिळाएवढे.
भिंतीतून हिरव्या रेषा निघतात
आणि त्या ठिपक्यांवर एकमेकींना छेदतात.
पहिल्या दिवशी हसलोच मी:
हा तर आपलाच क्रॉस स्टाफ,
फक्त जमीन उताणी पडलीय, सदरा काढून.

शिवलीला जाड दार ओढून बाहेर जाते.
मग छतातून तिचा आवाज:
"काका, उसिरु हिडीरी."
श्वास कन्नडात धरतो,
आकडे मराठीत मोजतो.
यंत्र भोवती फिरतं, रिकाम्या पाळण्यासारखं,
ना ऊन, ना चटका, ना वास.
अठरा. एकोणीस.
"बिडरी."
सोडतो.

थोरल्या अक्काला मिरजेला कोबाल्ट दिलं होतं,
सत्त्याऐंशी साली.
मानेवर जांभळ्या शाईचा चौकोन,
त्यावर पाणी घालायचं नाही महिनाभर.
रोग गेला.
पण जबडा दोन बोटांपलीकडं उघडला नाही पुन्हा.
बारा वर्षं पेज प्याली चमच्यानं,
आणि जांभई आली की तोंडावर पदर घ्यायची.

मेनेझिस सरांनी पडद्यावर माझा नकाशा दाखवला.
डोंगराच्या नकाशात असतात तशा रेषा,
लाल, केशरी, पिवळ्या, एकीत एक.
लालच्या आत गाठ.
तिच्याभोवती पाच मिलिमीटर मोकळी हद्द.
"ती कशाला?" मी विचारलं.
"श्वास तुम्ही धरता, काका,
पण काळीज कुठं धरता येतंय?
ते शेजारी उडतंय, गाठ हलते."
"आणि रेषेच्या बाहेर काही असलं तर?"
सर चष्मा पुसत राहिले.
"जे दिसतं, तेवढंच आखता येतं."

मला कळलं.
कणकुंबीजवळ एकदा ओढा धरून हद्द कायम केली होती,
एप्रिलात, वीतभर पाणी असताना.
चार महिन्यांनी ओढ्यानं अंग टाकलं
ते एकाच्या फणसापलीकडं.
दोघंही माझी सही असलेला नकाशा घेऊन कचेरीत आले.
नकाशा चुकला नव्हता.
ओढाही चुकला नव्हता.

चौथ्या आठवड्यात भाकरी गिळेना.
अन्ननलिका बांधाला लागूनच,
तिला झळ बसणारच, डॉक्टर म्हणाल्या,
आणि एक पातळ औषध लिहून दिलं.
भाच्यानं कौतुकानं कुंदा आणला होता,
एक घास काट्यासारखा उतरला.
गोड आहे म्हणालो.

बाकावर अथणीकडचा मल्लाप्पा भेटायचा.
पहाटे चारला घर सोडायचा.
मागच्या आठवड्यात दोन दिवस त्याची बस चुकली,
मग एक दिवस यंत्रच बंद.
"मिलिमीटर मिलिमीटर म्हणतात हे," तो म्हणाला,
"आमच्या एसटीला सांगा की जरा."
हसताना त्याला खोकला आला,
मला हसताना घसा जळाला.
दोघंही गप्प बसलो मग.

तिसावा दिवस.
शिवलीलानं हात धरून उठवलं.
"झालं, काका."
दगड पक्का बसला का, विचारणार होतो.
तीन महिन्यांनी स्कॅन, असं कागदावर लिहिलेलंच होतं.
ठिपके राहतात म्हणे, जात नाहीत.

परत येताना दुसऱ्या गेटाशी फाटक पडलं.
मालगाडी. डबे संपेनात.
बायको म्हणाली, "अहो, किती वेळ झाला,
श्वास घ्या की."
तेव्हा कळलं, धरून बसलो होतो.